पासिंगचा सायलेन्सर

"काका, इंजिन बंद करा," साहेब म्हणाले आणि प्रेमदासला वाटले, झाले, गाडी पास.

वाटायला काही हरकत नव्हती. दिवे लागले होते, ब्रेक लागले होते, वायपर दोन्ही बाजूंनी फिरले होते. प्रथमोपचाराच्या पेटीत कापूस नवा होता. दोन दिवस खपून त्याने व्हॅन इतकी धुतली होती की पवनारच्या चौकात लोकांनी विचारले, इकाची हाये काय? प्रेमदास थूल, वय छप्पन्न. एकोणीस वर्षे गाडी चालवतो आणि एकोणीस वर्षांत त्याची गाडी एकदाही नापास झाली नाही, ही गोष्ट तो न विचारताही सांगतो. पासिंगच्या मैदानावर इतरांच्या गाड्या नापास झाल्या की त्यांच्या खांद्यावर हात ठेवून धीर देणारा माणूस तो. असे लोक खरे तर फार डोक्यात जातात.

आरटीओचे हे साहेब पोरसवदा होते. त्यांनी हातातला कागद पाहिला, पुन्हा पाहिला, मग इस्त्रीच्या पँटीची पर्वा न करता गुडघे टेकले आणि बॅटरी घेऊन गाडीखाली डोके घातले. आधीच्या साहेबांपैकी कोणी ते कधी केले नव्हते.

"याची जाळी कुठंय?"

"कोनती जाळी, साहेब?"

"सायलेन्सरच्या पोटातली. विषारी धूर गाळते ती. इथं नुसता पाइप जोडलाय, तोही तडकलाय. धुराचा आकडा मर्यादेच्या चौपट आलाय तुमचा."

"पन माह्याकडे पीयूसी हाये ना! मागल्याच महिन्यात काढली."

"काढताना गाडी चालू होती का बंद?"

गाडी चालूही नव्हती आणि बंदही नव्हती. ती घरी होती. प्रेमदासने फक्त तिचा फोटो पाठवला होता. साहेबांना ते त्याच्या चेहऱ्यावरूनच कळले असावे.

"त्या जाळीत महागडा धातू असतो काका. लोक काढून विकतात. तुमची कोणी काढली ते आठवा," असे म्हणत त्यांनी कागदावर शिक्का मारला. "जाळीसकट नवा सायलेन्सर बसवून आणा. तोवर या गाडीत माणसं बसवायची नाहीत."

तो मंगळवार होता. आणि प्रेमदासच्या गाडीत माणसे बसत ती काही लग्नाला जाणारी नव्हती. सोमवारी आणि गुरुवारी पहाटे तो पवनारमधून पाच डायलिसिसचे पेशंट घेऊन सावंगीच्या दवाखान्यात जाई आणि दुपारी त्यांना परत आणी. जाताना ही माणसे गप्पा मारत, येताना पिळलेल्या कपड्यासारखी पडून राहत. त्यांना घराच्या दारात उतरवायचे, हात द्यायचा, कोणाची पिशवी आत नेऊन ठेवायची, हे सगळे तो करी. गाडीभाडे सगळेच घेतात, पण प्रेमदासच्या गाडीत जीव निर्धास्त असतो, असे लोक म्हणत. ते ऐकायला मिळावे म्हणूनच तो जगत होता म्हटले तरी चालेल. आता परवा गुरुवार होता आणि खिशात नापासचा कागद होता.

तो तसाच पिपरीला धीरजच्या गॅरेजवर गेला. धीरजला काहीही नवल वाटले नाही.

"मले इचारून तं जायचं काका," तो हात पुसत म्हणाला. "तुमी सरळ मैदानावर गेलतो म्हनता! असं कोनी जाते काय?"

आणि त्याने भिंतीवरच्या खिळ्यावरून एक सायलेन्सर खाली उतरवला. हा होता पासिंगचा सायलेन्सर. कंपनीचा, जाळीसकट, लखलखीत. तो कोणाच्याच गाडीचा नव्हता. पासिंगच्या दिवशी सकाळी तो गाडीखाली चढे, मैदानावर जाई, पास होई आणि संध्याकाळी आपल्या खिळ्यावर परत येई. एका दिवसाचे पंधराशे. पिपरीतल्या गाड्यांपेक्षा हा एकटा सायलेन्सर जास्त वेळा पास झाला होता.

"अन् नवा घेतला तं?"

"एकतीस हजार. येडे हा काय तुमी?"

प्रेमदास वेडा नव्हता. त्याने लगेच मान हलवली. तो काही साधुसंत नाही हे इथेच सांगून टाकलेले बरे. उद्या बुधवारी पुन्हा मैदानावर जायचे, पास व्हायचे, परवा पहाटे नेहमीसारखे निघायचे, असा हिशेब जुळलासुद्धा आणि त्याच्या जिवात जीव आला.

गॅरेजला खड्डा एकच होता आणि तोही दाराशीच. प्रेमदासने व्हॅन त्यावर चढवली. धीरज खाली उतरून जुना सायलेन्सर सोडवू लागला, आणि बॅटरी धरायला म्हणून प्रेमदासही खाली उतरला. एकोणीस वर्षे गाडी चालवली, पण तिच्या पोटाखाली तो क्वचितच गेला होता. जोड दिलेला पाइप बोट शिरेल इतका तडकला होता. त्याच्या वरचा पत्रा काजळीने काळाकुट्ट झाला होता, आणि काजळीच्या मधोमध गंजून एक भोक पडले होते.

त्याने बोट घातले. बोट वर गेले आणि रबरी चटईला लागले.

"हे कुठे आलं बे?"

"मागल्या सीटखाली," धीरज पाना फिरवत म्हणाला. "खिडकीच्या बाजूले. तिथून धूर आत जात असंन. मागे कोनी बसत असंन तं डोकं दुखत असंन त्याचं."

मागे खिडकीच्या बाजूला शकुंतलाबाई बसत.

शकुंतलाबाईंनी तीस वर्षे पवनारमध्ये अंगणवाडी चालवली. निम्म्या गावाला त्यांनी काट्यावर ठेवून वजन केलेले आहे, प्रेमदासच्या पोरीला, मोनालीलासुद्धा. दिवाळीनंतरच्या एका दुपारी, परतीच्या वाटेवर, त्या मागून म्हणाल्या होत्या, "प्रेमदास, तुह्या गाडीत बसलं का माह्यं डोकं फुटते रे. धुराचा वास येते."

आणि प्रेमदासने आरशात पाहत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात उत्तर दिले होते, "बाई, डोकं गाडीनं नाई दुखत, वयानं दुखते. तीस वर्सं पोट्टे रडले ना तुमच्यापुढं, थे आता डोक्यात बसून रडून राह्यले!"

गाडीभर हशा पिकला होता. पेशंटांपैकी रूपराव तर ठसका लागेपर्यंत हसले होते. बाईही किंचित हसल्या. त्यानंतर त्या पुन्हा काही बोलल्या नाहीत. पदराचे टोक नाकाशी धरून, काचेला डोके टेकून बसत. चार महिने प्रेमदासने ते आरशात पाहिले होते आणि बिमारीच्या खात्यावर टाकून दिले होते.

खड्ड्यात उभ्या प्रेमदासने हात भोकातून बाहेर काढला. बोट काळे झाले होते. ते त्याने पँटीला पुसले, तरी काळेच राहिले. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की धीरज शेजारी आहे हेही तो क्षणभर विसरला.

धीरज वर चढून चकचकीत सायलेन्सर घेऊन आला.

"नोको लावू," प्रेमदास म्हणाला.

"काऊन?"

"मले नवा पायजे. जाळीवाला. अन् हा पत्रा कापून नवा मार."

"काका, एकतीस हजार..."

"आयकला आकडा. आता तू आयक. माही जुनी जाळी कुठे हाये?"

दोन वर्षांपूर्वी याच खड्ड्यावर धीरजने सांगितले होते की जाळी जाम झाली, काढून टाकू, गाडीला मस्त पिकअप येईल. खरोखरच आला होता पिकअप. प्रेमदासने आठ दिवस सगळ्यांना कौतुकाने सांगितले होते.

"थे गेली भंगारात," धीरज म्हणाला.

"कितीत गेली?"

"आता मले काय आठवते! अन् तुमीच म्हनले होते ना, काढ म्हनून?"

"म्हनलो. काढ म्हनलो. इक म्हनलो काय?"

धीरज हसला. हसायला नको होते. प्रेमदास खड्ड्यातून वर आला, व्हॅनमध्ये चढला, आपल्या सीटवर बसला आणि चारही दारे आतून लावून घेतली.

"काका, गाडी बाजूले घ्या. मांगं भाजीवाल्याचा पिकअप उभा हाये."

"कशी घेऊ? सायलेन्सर नाई तिले."

"बरं, जुना लावून देतो. घेऊन जा."

"नापास गाडी हाये. साहेबानं शिक्का मारला. रस्त्यावर आनली तं गुन्हा हाये, धीरज. तू मले गुन्हा कराले सांगून राह्यला?" त्याने काच बोटभर खाली करून नापासचा कागद दाखवला. सकाळपासून पहिल्यांदाच तो कागद कामी आला होता.

"ढकलून देईन!"

"हात लावून पाय."

मग धीरज ओरडला, त्याने विनवण्या केल्या, चहा पाठवला. चहा प्रेमदासने प्याला. भाजीचा पिकअप आला तसा गेला. एक शाळेची गाडी ऑइल बदलायला आली आणि खड्डा अडलेला पाहून पुढच्या गॅरेजात शिरली. प्रत्येक गिऱ्हाईक विचारी, काय झाले, आणि प्रेमदास प्रत्येकाला पहिल्यापासून सांगे. जाळी काय असते, तिच्यात काय असते, ती कुठे जाते. दोघांनी तिथेच वाकून आपापल्या गाडीच्या पोटाखाली पाहिले. धीरजच्या तोंडचे पाणी पळाले ते तेव्हा.

चार वाजता नंदिनीचा फोन आला. नंदिनी त्याची बायको. तिला लांबण लावलेले चालत नाही.

"कुठे हा?"

"धीरजच्या खड्ड्यावर बसून आहो."

"काऊन?"

त्याने सांगितले. भोकाचेही सांगितले. बाईंची कशी थट्टा केली होती, तेही. साडेपाचला ती एसटीने येऊन उतरली. हातात डबा होता आणि ब्लाउजमध्ये भिशीचे पैसे, जे पावसाळ्याआधी मागच्या खोलीवर टिनाचे पत्रे टाकायला ठेवले होते.

"हे घ्या," ती काचेतून म्हणाली. "अन् तुमच्या तोंडाकडे पाहून नाई देऊन राह्यली मी. शकुंतलाबाईनं माह्या पोरीले तीन वर्सं काट्यावर ठेवलं. वजन कमी भरलं का घरी येत होती बाई, सत्तूचं पीठ घेऊन." मग ती धीरजकडे वळली. "तू काय पाहून राह्यला? अर्धे आमचे, अर्धे तुहे. जाळी इकली तवा आमाले इचारलं होतं काय?"

अंधार पडेपर्यंत धीरज अडून राहिला. प्रेमदास रात्री व्हॅनला कुलूप घालून घरी गेला, चावी घेऊन. सकाळी आठ वाजता तो परत आपल्या सीटवर हजर होता आणि दारात दुसऱ्या दिवशीचे पहिले गिऱ्हाईक उभे होते. धीरजने त्याच्याकडे पाहिले, प्रेमदासकडे पाहिले आणि नव्या सायलेन्सरसाठी नागपूरला फोन लावला.

"अर्धेच घेतो. पन काका, तुमी भलते खराब मानूस हा."

"उशिरा समजलं तुले."

खिळ्यावरचा सायलेन्सर त्याच आठवड्यात कोणा दुसऱ्याच्या गाडीखाली चढला आणि पास होऊन परत आला. जग काही सुधारले नाही. पण प्रेमदासच्या गाडीखाली नवा कोरा, स्वतःचा सायलेन्सर लागला. पत्रा कापून नवा मारला, वर रबर बसवले. त्याने स्वतः मागच्या सीटवर, खिडकीच्या बाजूला, इंजिन चालू ठेवून आणि काचा बंद करून अर्धा तास बसून पाहिले. धीरज बाहेरून कपाळाला हात लावून बघत होता. शुक्रवारी साहेब पुन्हा गुडघ्यावर बसले, पुन्हा बॅटरी मारली, उठले आणि पासचा शिक्का मारला.

मधला गुरुवार मात्र गेलाच. पाचही जण एसटीने वर्ध्याला गेले आणि तिथून ऑटो करून सावंगीला. रूपरावांनी फोनवर प्रेमदासला यथेच्छ ऐकवले, आणि त्याने ते मुकाट्याने ऐकून घेतले.

सोमवारी पहाटे सहा वाजता व्हॅन पवनारच्या चौकात उभी राहिली. रूपराव चढले, बाकीचे तिघे चढले. शकुंतलाबाई रस्त्याच्या पलीकडे, एसटीच्या थांब्यावर उभ्या होत्या.

"बाई तिकडे काऊन उभ्या हायेत?" रूपराव म्हणाले. "हॉर्न मारा."

प्रेमदासने हॉर्न मारला नाही. तो उतरला आणि रस्ता ओलांडून गेला. आदल्या रात्री त्याने ठरवले होते की बाईंना बाजूला घेऊन सांगायचे. पण थट्टा काही बाजूला घेऊन केली नव्हती. म्हणून तो मोठ्यानेच बोलला. गाडीतल्यांना ऐकू गेले, थांब्यावरच्या दूधवाल्यालाही गेले.

"बाई, तुमचं डोकं माह्याच गाडीनं दुखत होतं. पाइप फुटला होता, पत्र्याले भोक पडलं होतं. चार महिने तुमी धूर खाल्ला. तुमी सांगतलं होतं अन् मी तुमची मजाक उडवली. चुकलो मी."

शकुंतलाबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिले.

"मले समजलं थे," त्या म्हणाल्या. "गुरुवारी एसटीनं गेली, ऑटोनं गेली, तशीच परत आली. जीव गेला माहा. पन डोकं नाई दुखलं."

"आता नवा सायलेन्सर टाकला, पत्रा टाकला. मी सोता बसून पाह्यलं. चाला, बसा."

"नाई."

"बाई, आता धूर नाई येत. पोरीची शपथ."

"धुराची गोठ नाई, प्रेमदास." बाईंचा आवाज चढला नव्हता. अंगणवाडीतही तो कधी चढला नसेल. "गाडी खराब होते. मानूसही खराब होते, माह्यं अर्धं आंग खराब हाये. त्याचा राग नाई मले. पन दुखते म्हनलं तं पयले इचाराचं रे, कुठे दुखते. अडीच वर्साच्या लेकराले बी मी इचारत होती. तू हासला. अन् चार लोकाइले हासवलं. मले बी वाटलं, मीच येडी हाये. डोक्याच्या गोया खाल्ल्या मी चार महिने, डॉक्टर नोको म्हनत होता तरी."

बाईंच्या पिशवीकडे नेलेला हात प्रेमदासने मागे घेतला.

"तुह्यं काम चांगलं हाये. चालवजो गाडी," बाई म्हणाल्या. "मी एसटीनं जाईन."

"परतीले लय तरास होईन तुमाले."

"होईन. मी पाहून घेईन."

जो माणूस दिवस मावळेपर्यंत कोणाच्या खड्ड्यावर अडून बसला होता, त्याला दुसऱ्याचे अडणे ओळखता आले नसते तरच नवल. हे भाडे वाढवून मागणाऱ्याचे अडणे नव्हते, की रुसलेल्या पाहुण्याचेही नव्हते. त्याला फार वाईट वाटले, आणि त्या वाईट वाटण्यातच बाईंबद्दल एवढा आदर वाटला की त्याने नकळत हात जोडले. तो परत आला तेव्हा गाडीत कोणी कोणाकडे पाहत नव्हते. रूपराव खिशातला रुमाल काढून उगीचच चष्मा पुसत होते.

"हासलो तं मी बी होतो," ते म्हणाले.

एक जण उतरून बाईंकडे जाऊन आला. त्यालाही बाईंनी परत पाठवले. बुधवारी नंदिनी स्वतः त्यांच्या घरी जाऊन आली. बाईंनी तिला चहा दिला, मोनालीची चौकशी केली, सत्तूचे पीठ बांधून दिले आणि नाही म्हणाल्या.

आता पाचवी पेशंट म्हणून आनंदाबाई येतात. प्रेमदास त्यांना पुढे, आपल्या शेजारी बसवतो. त्या चढल्या की तो विचारतो, काही दुखते काय, वास येते काय, आणि आनंदाबाईंना हा माणूस जरा चमत्कारिक वाटतो. सगळे बसून झाले तरी तो निघत नाही. एसटीची वेळ सव्वासहाची असते. ती कधी पंधरा मिनिटे उशिरा येते, कधी वीस.

"भाऊ, टाइम होऊन राह्यला ना," रूपराव म्हणतात.

"होऊ द्या."

शकुंतलाबाई पलीकडे उभ्या असतात. त्या इकडे पाहत नाहीत आणि त्यांनी पाहावे अशी त्याची अपेक्षाही नाही. गाडी बंद करून तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेला असतो. एसटी येते. तिची पायरी उंच असते. बाई सुया टोचून टोचून गाठाळलेला डावा हात पोटाशी धरतात, उजव्या हाताने दांडी पकडतात, एकदा थांबतात, आणि कोणाचीही मदत न घेता चढतात. कंडक्टर घंटी मारतो, एसटी हलते आणि त्यांना बसायला जागा मिळालेली खिडकीतून दिसते. मग प्रेमदास चावी फिरवतो.